पंचवीस जानेवारीची हजेरी

अंबिका गेली हे लॅबवाल्यांना कळलं, तेव्हा तिला जाऊन दोन महिने दहा दिवस झाले होते. गुरुवार होता. मी कुकर लावून शिट्ट्या मोजत होतो. तेवढ्यात फोन वाजला आणि मोजणी चुकली.

"मॅडम आहेत का?" पलीकडून एक पुरुष म्हणाला.

"नाहीत."

"कधीपर्यंत येतील?"

"येणार नाहीत. त्या वारल्या."

"कधी?" तो म्हणाला.

"बारा जानेवारीला."

"काहीतरी चुकतंय काका."

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं टाइमकीपर होतो. कोण आला, कोण नाही आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, एवढंच माझं काम. रजेसाठी एकाच आजीला चार-चार वेळा मारणारे कामगार मी पाहिले आहेत. पण मेलेलं माणूस मेलेलं नाही, असा वाद माझ्याशी आजवर कुणी घातला नव्हता.

"काय चुकतंय?" मी विचारलं.

"मॅडम पंचवीस जानेवारीच्या मीटिंगला हजर होत्या. माझ्यासमोर कागद आहे ना."

खरं सांगायचं तर एक क्षण मला वाटलं, ह्याचं बरोबर असेल. ती कोणत्या साडीत आली होती, असं विचारावंसं वाटलं. मग कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि म्हणालो, "मी उद्या येतो. तो कागद काढून ठेव."

ही लॅब म्हणजे भाईंदर पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये असलेली दोन मजली इमारत. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिथे औषधं आणि इतर काय काय आधी प्राण्यांवर तपासतात. उंदीर, गिनीपिग, ससे. सरकारचा नियम असा की अशा प्रत्येक लॅबला एक समिती लागते. कुठला प्रयोग करायचा, किती प्राण्यांवर करायचा, हे त्या समितीने मंजूर केल्याशिवाय कुणी उंदराच्या शेपटीला हात लावायचा नाही. समितीत सगळे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ. पण एक माणूस बाहेरचा लागतो, ज्याला शास्त्र येत नाही पण समाजाचं भान आहे. आमच्या घरी हे भान अंबिकाला होतं.

ती तिथे गेली ती मोर्चा घेऊन. म्हणजे मोर्चा विमलाबाईंचा. विमलाबाई आमच्या पेणकरपाड्याच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांची मांजर हरवली आणि लॅबवाले मांजरं पळवतात अशी बातमी त्यांनीच उठवली. वीस बायका लॅबच्या फाटकावर गेल्या. तिथले मुख्य, डॉ. जितेंद्र वोरा, घाबरले आणि म्हणाले, दोघी जणी आत या, बघा, आमच्याकडे मांजरच नाही. विमलाबाई आणि अंबिका आत गेल्या. मांजर नव्हतं. ते त्याच आठवड्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या माळ्यावर पाच पिल्लांसकट सापडलं. पण अंबिकाने सशांचे पिंजरे पाहिले. तिने डॉ. वोरांना विचारलं, "ह्या डाव्या ओळीतल्या तीन सशांची पाण्याची बाटली रिकामी आहे. का?"

डॉ. वोरा बाहेरचा माणूस शोधतच होते. त्यांना वाटलं, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, खुर्ची दिली, समोसा दिला की गप्प बसतील. अंबिका म्युनिसिपल शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवत होती. खुर्ची तिने घेतली. समोसा तिला चालत नव्हता, साखरेचा आजार होता. आणि गप्प बसणं तिच्या अभ्यासक्रमातच नव्हतं.

प्रत्येक प्रस्ताव ती घरी आणून लाल पेनाने वाचायची. साठ उंदीर लिहिले असले की समासात "अठ्ठेचाळीस का नकोत?" असं लिहायची. मी एकदा म्हटलं, एवढं वाईट वाटतं तर सरळ नाहीच म्हण ना सगळ्याला. तर म्हणाली, "मी रोज सकाळी पोटात सुई टोचून घेते. माझ्या आधी कुणीतरी टोचून घेतली असेलच ना. त्याचा हिशेब लागायला हवा, फुकट जायला नको." ती आली की डॉ. वोरा उभे राहत.

फक्त एका प्रस्तावाला ती दोनदा सरळ नाही म्हणाली. भाईंदरच्याच एका कंपनीचं आयुर्वेदिक काजळ होतं. ते बारा सशांच्या डोळ्यांत घालून बघायचं होतं, चुरचुरतं का. अंबिका म्हणाली, "काजळ माणसाच्या डोळ्यासाठी आहे. मालकाने आधी स्वतःच्या डोळ्यात घालून यावं. तो माझ्यासमोर तासभर बसला की मी सही करते." मालक काही आला नाही. प्रस्ताव पडून राहिला. मग अंबिका आजारी पडली आणि बारा जानेवारीला गेली.

शुक्रवारी सकाळी मी लॅबमध्ये गेलो. निघताना जिन्यात विमलाबाई भेटल्या. कुठे चाललात म्हणाल्या, आणि मी सांगून बसलो. ती माझी चूक.

फाटकावर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. वेळेच्या रकान्यात सगळ्यांनी दहा वाजता लिहिलं होतं. आणि मी पोचलो तेव्हा पावणेदहाच झाले होते. मी तेव्हाच ओळखलं, ही जागा कशी आहे.

फोन करणारा माणूस महिपत. समितीचे सगळे कागद तोच ठेवतो. पस्तिशीचा, डोक्याला भरपूर तेल, आणि दर वाक्याला "म्हणजे काय आहे काका" म्हणायची सवय. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, वाईट झालं म्हणाला. मग कॉम्प्युटरवर मीटिंगचं इतिवृत्त दाखवलं. त्यात लिहिलं होतं, "सौ. अंबिका परब यांनी काजळाच्या प्रस्तावाचे स्वागत केले. प्रस्ताव एकमताने मंजूर."

"स्वागत केलं?" मी म्हणालो. "पस्तीस वर्षांत तिने माझ्या एकाही प्रस्तावाचं स्वागत केलं नाही."

"म्हणजे काय आहे काका, ते वाक्य मागच्या मीटिंगमधलं आहे. मी मागचीच फाइल उघडतो, तारीख बदलतो, विषय बदलतो. मागच्या वेळी उंदरांची नवीन खोली होती, तिचं मॅडमनी स्वागत केलेलं. ते तसंच राहिलं."

"आणि हजेरी?"

"हजेरीला सही आहे ना मॅडमची."

"महिपत, ती बारा तारखेला गेली."

"तेच तर मला कळत नाही," तो म्हणाला, आणि खरंच त्याला कळत नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

तेवढ्यात प्राण्यांची देखभाल करणारा राघो दारात आला. तो उत्तनजवळच्या तारोडीचा, रोज दोन बस बदलून येतो. अंबिकाच्या तोंडी त्याचं नाव सारखं असायचं, कारण लॅबमध्ये प्रश्नाला सरळ उत्तर देणारा तेवढाच एक, असं तिचं मत.

"बाय गेली?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"मना वाटला रागावली. म्हनून येत न्हाय." तो थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला. "महिपत बोलला, बायनी काजलाला हो म्हनलाय. मी बोललो, तुजा कागुद खोटा हाय. बाय आसा बोलनार न्हाय. आता बुधवारी सशांच्या डोल्यान घालनार. बारा ससे धुऊन पुसून ठेवायला सांगलेत."

"बुधवारी?"

"हां. ह्याच बुधवारी."

मी उठलो तर डॉ. वोराच समोर आले. आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत बोलत मला केबिनमध्ये घेऊन गेले. माणूस वाईट नाही. त्यांना खरंच दुःख झालं होतं, पण दुःखाबरोबर त्यांच्या डोक्यात दुसरंही काहीतरी फिरत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"परबभाई, मोठा घोळ आहे. मॅडमची जागा रिकामी झाली, ते दिल्लीला सरकारी ऑफिसात कळवायला पाहिजे. कळवायचं तर मृत्यूचा दाखला जोडायला पाहिजे. दाखल्यावर बारा तारीख. आमच्या कागदावर पंचवीस. दिल्लीवाला विचारेल ने?"

"विचारेल."

"आणि जागा भरली नाही तर पुढची मीटिंग नाही. मीटिंग नाही तर लॅब बंद. चाळीस माणसं आहेत इथे." ते पुढे झुकले. "दाखल्यावर तारीख जरा..." त्यांनी टेबलावर बोट थोडं पुढे सरकवलं.

"मी तिला थांब म्हणालो होतो," मी म्हणालो. "ऐकली नाही."

डॉ. वोरांनी बोट मागे घेतलं. मग ते म्हणाले, "दुसरा एक रस्ता आहे. राजीनामा."

"कुणाचा?"

"मॅडमचा. पंचवीसला हजर, एक फेब्रुवारीला राजीनामा. दाखला जोडायची गरजच नाही. महिपतने मजकूर काढलाय." त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, "वैयक्तिक कारणास्तव मी समितीच्या कामातून मुक्त होत आहे."

"वैयक्तिक कारणास्तव?"

"परबभाई, याहून वैयक्तिक कारण कुठलं असणार?"

ह्यावर अंबिका हसली असती. मी पण जवळजवळ हसलोच. "आणि सही?"

"तुम्ही करा ने. घरचेच आहात."

मी म्हणालो, "आधी मला हजेरीचा कागद बघू दे. ती खोटी सही कुणी केली ते मला बघायचंय."

महिपत फाइल घेऊन आला. अंबिका गेल्यापासून मला कशाचाच राग आला नव्हता. त्या दिवशी आला होता, आणि बरं वाटत होतं. बत्तीस वर्षांत एकाची हजेरी दुसऱ्याने लावलेली मी कधी सोडली नाही. मी चष्मा लावला.

अंबिकाच्या नावापुढे सही होती. वाचता येत होतं ते फक्त "परब". खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं.

ती सही माझी होती.

कसं झालं ते मला लगेच आठवलं. अंबिका गेल्यावर कागदांचा ढीग आला. बँक, विमा, गॅस, रेशन कार्ड, सोसायटी. माझी मुलगी रुचिता दिवसकार्यासाठी डोंबिवलीहून येऊन राहिली होती. तिने प्रत्येक कागदावर पेन्सिलने फुली मारली आणि म्हणाली, "बाबा, जिथे फुली तिथे सही. वाचत बसू नका." मी वाचत बसलो नाही. पंधरा दिवस मी फुली दिसेल तिथे सही करत होतो. त्यातच लॅबचा शिपाई पाकीट घेऊन आला असणार. महिपतनेही जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुली मारली होती. ती अजून पुसट दिसत होती. मी दारातच सही करून कागद परत दिला असणार. त्याला चहासुद्धा विचारला असेल.

म्हणजे बायको गेल्यावर पंधरा दिवसांनी, पूर्ण शुद्धीत, मीच तिला हजर लावलं होतं. आणि काजळाला मंजुरीही दिली होती.

"ओळखता का सही कुणाची?" डॉ. वोरांनी विचारलं.

"ह्याची एक झेरॉक्स द्या," मी म्हणालो.

घरी आलो तर विमलाबाई माझ्याच दाराशी उभ्या. मी कुलूप काढेपर्यंत त्यांनी झेरॉक्स माझ्या हातातून घेतली सुद्धा.

"भाऊजी! ही अंबिकाची सही नाही. तिची सही मला झोपेत दाखवा, ओळखीन. महिला मंडळाच्या वहीत शंभर आहेत. खोटी सही! मेलेल्या बाईची!"

"विमलाबाई, बसा. पाणी घ्या."

"पाणी काय घ्या! ही फोर्जरी आहे. सोमवारी त्यांच्या फाटकावर मोर्चा. आपल्या केबलवाल्या गणेशला सांगते, कॅमेरा घेऊन ये. अंबिकाचा मोठा फोटो द्या, हार घालून पुढे धरू. सशांसाठी जीव दिला तिने!"

"तिने जीव साखरेने दिला. मूत्रपिंड गेलं होतं."

"ते टीव्हीवर सांगायचं नाही," विमलाबाई म्हणाल्या. "आणि तो महिपत आत जातो की नाही बघा. पोलिसात देऊ. त्यानेच केली असणार सही, चेहराच तसा आहे. एकदा पोलीस आले की बुधवारचं काजळ गेलं खड्ड्यात. बारा ससे वाचले म्हणून समजा."

हे त्यांचं बरोबर होतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी ससे वाचले असते. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. फक्त महिपत आत गेला असता, त्याने न केलेल्या सहीसाठी. मी चहा ठेवला. साखर दोनदा घातली. विमलाबाईंनी तो प्यायला, यावरून त्या किती रागात होत्या ते कळावं.

संध्याकाळी रुचिताचा रोजचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मी "रेघ आणि खाली दोन टिंबं" म्हणालो तेव्हा फस्सकन हसली. हसतच राहिली. जानेवारीनंतर मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मग मलाही हसू आलं. पोटात दुखेपर्यंत आम्ही फोनवर हसलो, आणि मग दोघंही एकदम थांबलो.

"फुली दिसली की सही करायची, ही सवय मी लावली बाबा," ती म्हणाली.

"सही मी केली."

"मग आता?"

"मोर्चेवाल्यांना महिपत हवाय, वोरांना राजीनामा हवाय. दोघांनाही माझं गप्प बसणं चालणार आहे."

"एकाची हजेरी दुसऱ्याने लावली म्हणून तुम्ही किती जणांचा खाडा मांडलात आयुष्यात? कारखान्यातले पवारकाका तर तुमच्याशी आठ वर्षं बोलले नाहीत."

"नऊ," मी म्हणालो.

सोमवारी डॉ. वोरांनी समितीची बैठक बोलावली होती. तिला बैठक म्हणता येत नव्हतं, कारण बाहेरच्या माणसाची जागा एकतर भरलेली होती किंवा रिकामी होती, आणि काय ते ठरवायला बैठकच लागत होती. म्हणून महिपतने वर "अनौपचारिक चहापान" असं लिहिलं होतं.

फाटकावर विमलाबाई आणि चौदा बायका. हातात पुठ्ठे. "सशांना न्याय द्या." "काजळ तुमच्या डोळ्यात घाला." एका पुठ्ठ्यावर मांजराचं चित्र होतं, चार वर्षांपूर्वीचा तोच पुठ्ठा. केबलवाला गणेश कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा होता. मला बघून विमलाबाई ओरडल्या, "हे बघा अंबिकाचे मिस्टर! बोला भाऊजी, कॅमेऱ्यात बघून बोला!"

"आत बोलतो," मी म्हणालो.

"आम्ही पण येतो मग!"

वॉचमन अडवायला गेला, पण विमलाबाईंना अडवणं त्याच्या पगारात बसत नव्हतं. तो फक्त म्हणाला, "मॅडम, रजिस्टर में साइन तो करो." विमलाबाईंनी सही केली आणि वेळ लिहिली दहा.

खोलीत लांब टेबल. डॉ. वोरा, जनावरांचे डॉक्टर निहार, बाहेरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सुगंधा मॅडम, आणि लॅबचे दोन तरुण शास्त्रज्ञ. एका टोकाला महिपत, तोंड उतरलेलं, कारण "पोलीस" हा शब्द खिडकीतून आत येत होता. समोर समोसे. दाराशी राघो. विमलाबाई आत आल्या आणि सरळ अंबिकाच्या खुर्चीत बसल्या.

डॉ. वोरा म्हणाले, "परबभाई, तो राजीनामा..."

"फोर्जरी!" विमलाबाई म्हणाल्या. "आधी फोर्जरीचं बोला!"

मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. "ही सही माझी आहे."

एका शास्त्रज्ञाने हातातला समोसा परत बशीत ठेवला.

"शिपाई कागद घेऊन आला, मी न बघता सही केली. बायको गेल्यानंतर. फोर्जरी महिपतने केलेली नाही. मी केलेली आहे. बत्तीस वर्षं टाइमकीपर होतो, तरी केली."

महिपतने एवढा मोठा श्वास सोडला की त्याच्यासमोरचे कागद हलले.

"भाऊजी," विमलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"मी हजेरीच्या बाजूने आहे."

डॉ. वोरांचा चेहरा मात्र उजळला. "एटले... म्हणजे फोर्जरी नाहीच! घरच्या माणसाने घरच्या माणसाची सही केली. मग मीटिंग बरोबर, मंजुरी बरोबर, काजळ..."

"नाही," मी म्हणालो. "अंबिका गैरहजर. तिची मंजुरी नाही. तेवढं आधी दुरुस्त करा."

"एक माणूस गैरहजर असला तरी बाकीचे होते ने? बाकीच्यांनी मंजूर केलं."

मी कागद जवळ ओढला. हे मी ठरवून आलो नव्हतो. पण समोर हजेरीचा कागद आणि हातात पेन आलं की माझा हात आपोआप चालतो. "बरं," मी म्हणालो. "पंचवीस जानेवारी, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी. नाव घेतो. डॉक्टर निहार?"

निहार तिशीचा मुलगा. त्याने कान खाजवला. "गुरुवार... मी त्या दिवशी सफाळ्याला होतो. एका म्हशीचं बाळंतपण अडलं होतं. सही मी नंतर केली. घरी कागद आला होता."

"म्हणजे?"

"गैरहजर," तो म्हणाला.

मी त्याच्या नावापुढे पेन टेकवलं. "सुगंधा मॅडम?"

सुगंधा मॅडमनी पर्स उघडली, बंद केली. "मला वाटलं, मी एकटीच नव्हते. कॉलेजात झेंडावंदनाची तालीम होती. मी महिपतला म्हटलं, बाकीचे आहेत ना, मग माझं हो समज."

"मला पण सगळ्यांनी हेच सांगितलं," महिपत म्हणाला. आता तो धीट झाला होता. "म्हणजे काय आहे काका, प्रत्येक जण म्हणाला, बाकीचे आहेत ना."

दोन तरुण शास्त्रज्ञ एकमेकांकडे बघू लागले. एक लोणावळ्याला होता. दुसरा म्हणाला तो इमारतीत होता, पण मीटिंगला नव्हता, कारण मीटिंग कुठल्या खोलीत आहे ते त्याला सापडलं नाही.

"सापडणार कशी?" विमलाबाई म्हणाल्या. आता त्यांनाही गंमत यायला लागली होती. त्यांनी समोसा घेतला.

"डॉ. वोरा?" मी विचारलं.

डॉ. वोरांनी पंख्याकडे पाहिलं. "वापीला. साडूच्या मुलीचा साखरपुडा."

"गैरहजर. महिपत?"

"मी सदस्य नाही काका. पण होतो मी. टायपिंग करत होतो."

"कसलं?"

"मीटिंगचं."

टेबलाभोवती कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. दाराशी राघो घसा खाकरून म्हणाला, "मी व्हतो."

"तू कुठे होतास?"

"सशांपाशी. पाला घालीत व्हतो. दिसभर कोन आला न्हाय."

विमलाबाईंना ठसका लागला. निहार हसायला लागला आणि त्याने तोंडावर हात धरला. शेवटी डॉ. वोराही हसले, पण रडल्यासारखे. बारा सशांच्या डोळ्यांत काजळ घालायची परवानगी ज्या बैठकीने एकमताने दिली, त्या बैठकीला ससे सोडून कुणीच नव्हतं.

मग सुगंधा मॅडम म्हणाल्या, "सर, हे असंच्या असं दिल्लीला कळवलं पाहिजे. सगळं. आपल्यासकट."

"लॅब बंद करतील."

"काही दिवस करतील कदाचित. पण आज कळवलं तर आपण कळवलं. उद्या ह्या बाईंच्या कॅमेऱ्याने कळवलं तर वेगळं."

विमलाबाईंनी समोसा खात मान डोलावली. बाहेर जाऊन त्यांनी कॅमेऱ्यासमोर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. संध्याकाळी गणेशच्या केबलवर अर्धा मिनिट आलं. त्यात जास्त वेळ मांजराचा पुठ्ठा दिसत होता.

डॉ. वोरांनी स्वतः लिहायला घेतलं. पंचवीस जानेवारीची मंजुरी रद्द, काजळ रद्द. महिपतने विचारलं, शेवटी "बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" असं घालू का, ते त्याच्या फाइलमध्ये आधीपासून असतंच. सगळे एकदम नको म्हणाले.

जुन्या कागदावर प्रत्येकाने आपापली सही खोडून "गैरहजर" लिहायचं ठरलं. कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. अंबिकाच्या ओळीत खोडायची सही माझी होती, म्हणून लिहायचंही मीच. हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल त्याची गणती नाही. कधी दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले नाहीत. त्या दिवशी मी सही खोडली आणि पेन तसंच धरून बसलो. कुणी घाई केली नाही. राघोने पंखा बंद केला, का कुणास ठाऊक. मग मी लिहिलं.

डॉ. वोरा मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "परबभाई, मॅडमची जागा तुम्ही घ्या ने. समाजाचं भान आहे तुम्हाला."

"मला फक्त हजेरीचं आहे," मी म्हणालो. "लाल पेन तिचं होतं. तिच्यासारखं विचारायला मला येत नाही."

"शिकाल."

मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. दोनदा महिपतचा फोन आला. आता तो आधी विचारतो, "काका, बरे आहात ना?" आणि मग विषय काढतो. दिल्लीहून पत्राची पोच आली आहे, उत्तर नाही. तोवर लॅबमध्ये नवीन प्रयोग नाहीत.

ससे लॅबमध्येच आहेत. राघो त्यांना पाला घालतो. प्रयोग रद्द झाल्यावर त्यांचं काय करायचं, हे नियमात कुठे लिहिलंय ते कुणाला सापडत नाही. विमलाबाई म्हणतात, सोसायटीच्या गच्चीवर ठेवू. सोसायटी नाही म्हणते. राघो म्हणतो, तारोडीला नेतो, पण तारोडीला त्याच्या वाडीत कुत्रे आहेत. बारा ससे आहेत. त्यांना कुठे न्यायचं, ते अजून ठरलेलं नाही.